डोन्या ओतिलियांचा खुलासा

"खराब कपापाशी आलात की मी खोकेन," मी म्हणालो. "एकदा खोकलो तर बुरशी, दोनदा खोकलो तर आंबूस. कप चांगला असेल तर गप्प बसेन."

डोन्या ओतिलिया आरशासमोर उभ्या राहून केस विंचरत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"या साथीच्या दिवसांत तू खोकलास ना लालो, तर अख्खी खोली रिकामी होईल. मग निकाल कुणाला ऐकवू? खुर्च्यांना?"

"मग शिंकतो."

"ते तर आणखीच छान."

मी वैतागलो. सकाळपासून मी त्यांच्या मागे लागलो होतो आणि त्या अशा थट्टेवारी नेत होत्या, जणू मार्काला गावात एखाद्या लग्नाला निघाल्या आहेत.

मी त्यांच्याकडे कॉफीचे नमुने भाजतो. जन्म गेला याच कामात. आमच्या डोंगरातली कॉफी पिकते होंडुरासमध्ये, पण तिची साल काढणाऱ्या, पॉलिश करणाऱ्या जवळच्या गिरण्या आहेत पलीकडे, साल्वादोरमध्ये. माल एक, देश दोन. पोती पलीकडे पोचली की गिरणीवाला म्हणतो, माल खराब. शेतकऱ्यांच्या सोसायटीवाले म्हणतात, आम्ही दिला तेव्हा चांगला होता. दोन्ही देशांतली कोर्टं एकमेकांच्या कागदाला विचारत नाहीत. म्हणून करारातच लिहिलेलं असतं, की तंटा झाला तर मार्कालाच्या लवाद खोलीत यायचं आणि ओतिलिया चिकास जो निकाल देतील तो दोघांनी मान खाली घालून घ्यायचा. मी नमुने भाजायचे, दळायचे, कप मांडायचे. त्यांनी चमच्याने भुरका मारायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि सांगायचं. त्यांनी सांगितलं की संपलं. निम्मे लोक चरफडत जायचे, पण जायचे घरीच.

ही नोकरी त्यांनाच का मिळाली? चव तर होतीच. पण दुसरंही एक कारण होतं. त्यांचं गाव पालो ब्लांको. त्या जन्मल्या तेव्हा ते साल्वादोरचं समजलं जायचं. मग हेगच्या मोठ्या न्यायालयाने नकाशावर रेघ मारली आणि गाव होंडुरासमध्ये आलं. घर तिथंच, चूल तिथंच, देश बदलला. होंडुरासवाले त्यांना साल्वादोरची म्हणत आणि साल्वादोरवाले होंडुरासची. आमचे लोक 'डोन्या ओतिलिया' म्हणत, पलीकडचे त्यांच्या रिवाजाप्रमाणे 'निन्या ओतिलिया'. दोघांनाही त्या थोड्या परक्या होत्या आणि म्हणूनच दोघांनाही चालत होत्या.

आणि आता त्यांचं नाक गेलं होतं.

साथीचा ताप आला, उतरला, जाताना वास घेऊन गेला. वास गेला की चव कुठली राहायला? जिभेला फक्त गोड, कडू, आंबट, खारट एवढंच कळतं. बाकी सगळं नाकाचं काम. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते वेगळ्याच रीतीने. एकदा माझ्या हातून कॉफीचा घाणा जळला. घरभर धूर. एरवी अशा वेळी त्या मागच्या अंगणातून ओरडत यायच्या, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. त्या दिवशी त्या माझ्या शेजारून गेल्या, खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं आणि परत गेल्या. मी तव्यापाशी उभाच राहिलो. त्या दिवसाइतकी शिव्यांची आठवण मला कधी आली नाही.

"तुम्ही बोलूच नका ना," मी पुन्हा सुरू केलं. "चमचा तोंडात घाला, डोळे मिटा, थुंका. चव मी घेतलेली असेल. माझी जीभ तुमच्याएवढी नाही, पण बुरशी तर मला कळते. निकाल खराच होईल. खोटं काय त्यात?"

"माझी खुर्ची खोटी होईल."

"खुर्ची गेली खड्ड्यात! तिकडे रस्त्यावर बंदुका साफ करतायत लोक!"

यावर मात्र त्या वळल्या. चेहऱ्यावरची थट्टा गेली होती.

"मला माहीत आहे लालो. मनात आलं नाही असं समजू नकोस. तुझ्या खोकण्याचा विचार तुझ्याआधी मी केलाय. चल, गाडी काढ."

तंटा असा होता. आमच्या डोंगरातल्या सोसायटीने पलीकडच्या लिसांद्रो देल सिद यांच्या गिरणीला माल पाठवला. लिसांद्रोंनी पोती उघडली आणि म्हणाले, ही कुजकी कॉफी मी घेणार नाही. पैसे देईनात, माल परत पाठवीनात. सोसायटीचा प्रमुख सान्तोस वास्केस. तोंडाने शांत, पण गावाचा संताप त्याच्याही हाताबाहेर गेलेला. लोकांनी वाटेत झाड आडवं टाकलं, लिसांद्रोंचा एक रिकामा ट्रक अडवला आणि ड्रायव्हरसकट ठेवून घेतला. मग एका संध्याकाळी कुणीतरी गोळी झाडली. कुणी, ते आजवर कळलेलं नाही. सान्तोसच्या मेहुण्याच्या मांडीत ती बसली. माणूस वाचला, पण लंगडा झाला. त्या दिवसापासून दोन्हीकडची पोरं एकच भाषा बोलू लागली, बंदुकीची. देवळातला पाद्री आला, त्याचं कुणी ऐकलं नाही. पोलीस आले, जेवून गेले. शेवटी दोन्ही बाजू एवढ्यावर आल्या, की ओतिलिया चिकास काय म्हणतात ते ऐकू, मग ठरवू. दुसऱ्या कुणाच्या नावावर त्यांचं एकमत होणं शक्य नव्हतं. डोन्यांनी नाही म्हटलं असतं, तर प्रकरण राजधानीतल्या कोर्टात जाऊन वर्षानुवर्षं पडलं असतं, आणि गावाला तेवढा धीर नव्हता.

वाटेत ते आडवं झाड लागलं. भला मोठा पाइन. चार-पाच जण कडेला बसले होते, मांडीवर बंदुका. त्यांच्यातच तो ओलीस ठेवलेला ड्रायव्हर मिंचो पत्ते खेळत होता. गावच्या बायांनी त्याला बीन्स आणि मक्याच्या तोर्तिया घालून घालून असा गोलमटोल केला होता की त्याच्या शर्टाची बटणं लागत नव्हती.

"काय रे मिंचो," मी गाडीतून ओरडलो, "सोडलं तरी जाशील का?"

"जाईन की! पण जेवणानंतर," तो म्हणाला आणि सगळे हसले. ज्याच्या मांडीवर बंदूक होती तोही हसला. मग ते हसू विरलं आणि त्यांनी आमची ओळखीची गाडी कडेच्या ओढ्यातून जाऊ दिली.

डोन्या मात्र हसल्या नाहीत. त्यांची नजर त्या झाडावर होती. बरंच पुढे गेल्यावर म्हणाल्या, "पाइनच आहे."

त्यांच्या भावाची गोष्ट आमच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकोणसत्तर साली दोन्ही देशांची लढाई झाली. बाहेरचे लोक तिला फुटबॉलची लढाई म्हणतात. आमच्या डोंगरात फुटबॉल होता कुणाकडे? डोन्या तेव्हा लहान होत्या, आईच्या पाठीमागून दळायचा दगड घेऊन पळाल्या होत्या. लढाईतून घरचे सगळे वाचले. मग शांतता झाली. मोठमोठ्या लोकांनी सह्या केल्या, फोटो निघाले. आणि शांतता झाल्यावर, कितीतरी नंतर, त्यांचा भाऊ एलेउतेरियो एका पडलेल्या पाइनवरून मारला गेला. झाड आमच्या देशात पडलंय, आमचं, असं दोन्हीकडचे म्हणत होते. शब्दाने शब्द वाढला, कोयते निघाले.

"ते झाड कुणी नेलंच नाही," डोन्या म्हणाल्या. "तिथंच कुजलं. कोण कुणाकडे जाऊन विचारणार होतं, की बाबांनो, झाड कुणाचं? विचारायला जागाच नव्हती. एक खोली असती, दोन खुर्च्या असत्या, एखादं कंटाळवाणं माणूस असतं समोर बसायला, तर माझा भाऊ आज म्हातारा झाला असता आणि मला पैसे मागायला आला असता."

"म्हणूनच म्हणतो ना, मी खोकतो."

"गाडी चालव."

लवाद खोली म्हणजे व्यापारी मंडळाच्या इमारतीतली मागची खोली. एक गोल टेबल, पाण्याची किटली, थुंकायला पितळी भांडं. एका बाजूला लिसांद्रो बसले होते. उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोबत सान मिगेल शहरातून आणलेला वकील. दुसऱ्या बाजूला सान्तोस, हातात टोपी, नजर जमिनीवर. खिडकीतून चौक दिसत होता. तिथं सान्तोसची माणसं एका झाडाखाली उभी होती आणि लिसांद्रोंची दुसऱ्या. मधल्या बाकावर कुणी बसलं नव्हतं.

आमच्या खोलीचा एक रिवाज आहे. कप मांडण्याआधी पंचाने उभं राहायचं आणि खुलासा करायचा. दोन्ही बाजूंशी आपला काय संबंध, कुणाचं काय खाल्लं, कुणाशी भांडलो, मनात कुणाबद्दल काय आहे, सगळं. मग एकेका बाजूने उभं राहून 'हरकत नाही' म्हणायचं. त्याशिवाय किटलीखाली जाळ लावायचा नाही. इतर ठिकाणचे पंच एका वाक्यात उरकतात म्हणे. डोन्या ओतिलियांचा खुलासा म्हणजे करमणूक असायची. लोक खास तो ऐकायला यायचे.

त्या उभ्या राहिल्या. टेबलावर हात ठेवला.

"लिसांद्रो देल सिद यांच्या आईच्या हातचे केळीच्या पानातले तमाल मी खाल्ले आहेत. फार चांगले होते. मी तीन खाल्ले, त्यांनी चौथा वाढला नाही. सान्तोस वास्केसच्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला मी गेले होते. केक माझ्यापर्यंत पोचण्याआधी संपला. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, पण तो केकवर आहे, सान्तोसवर नाही."

वकिलाच्याही ओठांवर हसू आलं. सान्तोसने मान वर केली. मी भिंतीपाशी उभा राहून मनातल्या मनात मेरीआईचा धावा करत होतो, की बस, इथंच थांबा.

"आणखी एक," डोन्या म्हणाल्या. "मला वास येत नाही. साथीच्या तापापासून. कॉफी आणि गरम पाणी यांतला फरक मला कळतो तो फक्त कडूपणाने. तुम्ही ज्या जिभेसाठी इथं आलात ती आता माझ्याकडे नाही."

बाहेर चौकात कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, ते स्पष्ट ऐकू आलं.

मग वकील उठला. "मग हा लवादच होऊ शकत नाही! आमची हरकत नोंदवून घ्या."

"बसा," लिसांद्रो त्याला म्हणाले. मग डोन्यांकडे वळले. "निन्या ओतिलिया, तापाला तर वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून तुम्ही किती निकाल दिलेत?"

"एकही नाही. अंगात कणकण आहे, गुडघा दुखतो, असं सांगून लोकांना परत पाठवलं. तेही खोटंच होतं. ते आज सांगून टाकते."

"आज परत का नाही पाठवलंत?"

"तुमचा तंटा परत पाठवण्यासारखा राहिला नाही."

लिसांद्रोंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दोन झाडं, दोन घोळके, मधे रिकामा बाक.

"न सांगता निकाल दिला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. हा लालो खोकणार होता."

माझं तोंड एवढंसं झालं. सगळे माझ्याकडे वळले. मी छताकडे बघत राहिलो.

लिसांद्रो उभे राहिले. हे गृहस्थ गर्विष्ठ म्हणून प्रसिद्ध आहेत आणि ते खोटं नाही. पण त्या क्षणी ते मला आवडले. "न सांगता दिलेला निकाल मी मुकाट्याने मानला असता," ते म्हणाले. "आता सांगितल्यावर न मानायला मला काय झालंय? हरकत नाही."

सान्तोस बसल्या जागी टोपी हातात फिरवत होता. त्याचा मेहुणा लंगडत होता, हे विसरून चालणार नव्हतं. तो नाही म्हणाला असता तरी कुणी त्याला दोष दिला नसता.

"माझी हरकत आहे," तो उठून म्हणाला.

"डोन्या, वर्षभर तुमच्या तोंडाला चव नाही आणि तुम्ही गावात कुणाला कळवलं नाही. माझ्या बायकोने कोंबडीचं सूप पाठवलं असतं. ही माझी हरकत. दुसरी नाही."

डोन्या ओतिलियांनी पदर नसलेल्या बायका करतात तसं केलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे वळून ओरडल्या, "बघत काय उभा राहिलायस? जाळ लाव!"

मी तीन नमुने भाजून आणले होते. एक, माल ट्रकवर चढवताना दोघांच्या सहीने सील केलेला. दुसरा, गिरणीच्या आवारातल्या पोत्यांतून काढलेला. तिसरा, खोलीचा नेहमीचा, कुणाचाच नाही असा. कपाच्या बुडाला चिठ्ठी, वरून काही खूण नाही. मी पाणी ओतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. डोन्यांनी कप इकडेतिकडे सरकवले. आता कुठला कुठे ते देवालाच ठाऊक.

"दोघे या टेबलापाशी," त्या म्हणाल्या. "चमचे घ्या. चव तुम्ही घ्यायची आणि मला सांगायची. मला काही कळत नाही असं समजून सांगा. कळत नाहीच म्हणा. आणि मला दोन चवी देऊ नका. एका कपाची एकच चव, दोघांची मिळून."

दोघे शेजारीशेजारी उभे राहिले. एवढे दिवस ज्यांनी एकमेकांचं नाव शिवीशिवाय घेतलं नव्हतं त्यांचे खांदे एकमेकांना लागत होते, कारण टेबल लहान होतं.

पहिला कप. दोघांनी भुरका मारला.

"चांगली आहे," लिसांद्रो म्हणाले.

"चांगली म्हणजे काय? चांगला तर पोपही आहे."

"गुळासारखी."

"गुळासारखी," सान्तोस म्हणाला, "पण शेवटी संत्र्याची साल."

लिसांद्रोंनी पुन्हा चमचा बुडवला. "हो. आहे खरी साल. पुसट आहे, पण आहे."

"ठीक," डोन्या म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते. "गूळ, मग साल. पुढे."

दुसरा कप. सान्तोसने तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकला. "ओलं पोतं."

"पोतं नाही," लिसांद्रो म्हणाले. "बंद घर. पावसाळाभर बंद ठेवलेलं."

"घरात पोतं असेल ना मग!"

"अहो, पोत्याचा वास वरवरचा असतो. हा खालून येतो. जमिनीतून."

"एकच चव," डोन्या म्हणाल्या. "भांडायचं असेल तर चौक मोकळा आहे."

दोघांनी पुन्हा घेतली. पुन्हा थुंकले. मी इतकी वर्षं त्या खोलीत काढली, पण असं दृश्य पाहिलं नव्हतं. दोन वैरी एका आंधळ्या वाटाड्याला रस्ता सांगावा तसे कपावर वाकले होते आणि शब्द शोधत होते.

"मातीच्या जमिनीवर टेकलेलं ओलं पोतं," शेवटी सान्तोस म्हणाला. "खाली लाकडी फळ्या न घालता ठेवलेलं."

लिसांद्रोंचा चमचा तसाच हवेत राहिला. मग हळूच म्हणाले, "हो. फळ्या न घालता. असंच."

तिसरा कप. लिसांद्रोंनी घेतला. "ही ठीक आहे. जराशी आंबट, पण ठीक."

सान्तोसने चमचा तोंडात धरला. थुंकायला वेळ लावला. मग आणखी एक चमचा घेतला. मी त्याच्याकडे बघत होतो. माणसाला आपल्या घरच्या कॉफीची ओळख पटते तेव्हा त्याचा चेहरा लपत नाही. त्याला कळलं होतं. समोरचा 'ठीक आहे' म्हणून मोकळा झालेला. याने नुसती मान हलवली असती, तर सोसायटी धुतल्या तांदळासारखी सुटली असती. बाहेर झाडाखाली त्याचीच माणसं उभी होती. त्यांना काय तोंड दाखवणार?

"आंबट नाही," सान्तोस म्हणाला. "आंबूस आहे. फळं तोडल्यावर एक रात्र जास्त आंबवायच्या टाकीत राहिली. थोडीच. पण राहिली."

"दोघांची एक चव हवी," डोन्या म्हणाल्या.

लिसांद्रोंनी परत चाखली. "मला तर एवढी..."

"आहे, डॉन लिसांद्रो," सान्तोस म्हणाला. "माझं ऐका. आहे."

मी कप एकेक करून उचलले आणि बुडाच्या चिठ्ठ्या वाचल्या. पहिला खोलीचा. दुसरा गिरणीच्या आवारातला. तिसरा सील केलेला, सोसायटीचा.

निकाल द्यायला डोन्यांना वेळ लागला नाही. माल निघतानाच किंचित आंबूस होता, तेवढी किंमत कमी. कुजला तो गिरणीच्या आवारात, तेवढं गिरणीने सोसायचं. ट्रक आजच सुटेल, झाड आजच हलेल. मेहुण्याच्या मांडीचं काय, हे या खोलीचं काम नाही, पण जाताना एकदा त्याच्याकडे बघून जा, असं त्यांनी लिसांद्रोंना सांगितलं. ते निकालात लिहिलं नाही.

वकिलाने कागद गोळा केले. लिसांद्रो सान्तोसला म्हणाले, "फळ्या मी मागवल्या होत्या. आल्या नाहीत. पावसाळा आधी आला." ती माफी होती की नाही, मला सांगता येणार नाही. सान्तोस म्हणाला, "टाकी उपसायला त्या दिवशी माणसं नव्हती. मीही नव्हतो." मग दोघे बाहेर पडले. आपापल्या झाडाखाली गेले. पण मी खिडकीतून पाहत होतो. जाताना दोघेही बाकाच्या एकाच बाजूने गेले.

लोक म्हणतात, शांतता राजधानीत होते. होत असेल. मी एकदा ती गोल टेबलावर, थुंकायच्या भांड्याशेजारी होताना पाहिली आणि ती घडवणाऱ्या बाईला त्या कपांतलं काहीही कळत नव्हतं. मला त्यांचा किती अभिमान वाटला ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, गाडी चालव.

मार्कालाची खोली आता दुसरा पंच सांभाळतो. डोन्यांनीच सुचवला. चांगला आहे. खुलासा एका वाक्यात करतो. डोन्यांचा चमचा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे.

पुढच्या एका रविवारी मी त्यांच्या ओसरीवर घाणा भाजत होतो, घरच्यासाठी. खालच्या वळणावर हॉर्न वाजला. मिंचोचा ट्रक. या खेपेला भरलेला, वर ताडपत्री घट्ट बांधलेली, पलीकडे चाललेला. मी धावत कुंपणापाशी गेलो. मिंचोने खिडकीतून हात काढला, म्हणाला, गावच्या बायांना सांग, परत येताना जेवायलाच थांबतो. मी हसलो, त्याच्याशी चार शब्द बोललो. परत आलो तोवर तव्यावरून धूर निघत होता.

डोन्या खुर्चीत बसून शिवत होत्या. तवा त्यांच्यापासून चार हातांवर. त्यांनी मान वर केली नाही.

मी ती कॉफी दळली, केली, कपात ओतली आणि त्यांच्यापुढे ठेवली. मग माझ्याच्याने राहवेना. टेबल नव्हतं, म्हणून ओसरीच्या खांबावर हात ठेवला.

"डोन्या, खुलासा करायचाय."

त्यांनी शिवणकाम खाली ठेवलं. पाठ ताठ केली, खोलीत बसायच्या तशी. "कर."

"आजचा घाणा जळला. मी ट्रक बघत होतो."

मग त्यांनी सुरुवात केली. माझे डोळे, माझी अक्कल, माझा बाप, त्याचा बाप, कुणाला म्हणून सोडलं नाही. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मला इतका आनंद होत होता की डोळे भरून आले.

थांबल्यावर त्यांनी कप उचलला. "कशी जळलीय? नीट सांग."

"तव्यावर विसरलेल्या तोर्तियासारखी," मी म्हणालो. "कडेला काळी. मधे अजून थोडी गोड."

त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटून तोंडात धरला. खाली चढावर मिंचोने गियर बदलल्याचा आवाज आला, मग ट्रक खिंडीपलीकडे गेला आणि आवाज थांबला. त्या तशाच बसून होत्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आठवली."

आणि तो अख्खा कप त्यांनी पिऊन संपवला.